गठ्ठ्यातून कपाटात : शाळांच्या पुस्तकांवर एकाच ठिकाणी प्रक्रिया करावी का?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शाळांसाठी घेतलेली पुस्तके प्रत्येक शाळेने आपापली नोंदवावीत, की तालुक्याच्या, जिल्ह्याच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या पातळीवर एका ठिकाणी त्यांचे वर्गीकरण, तालिकीकरण (ग्रंथालयाच्या यादीत पुस्तकाची नोंद करणे), शिक्के, लेबले असे सगळे उरकून ती तयार स्थितीत शाळांकडे पाठवावीत, या एकाच विषयावर नागपूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांपैकी बहुतेक जण नोकरीत असल्यामुळे त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या केंद्रातील एकाही प्राथमिक शाळेत ग्रंथपाल नाही. अनुदानातून पुस्तके येतात, मुख्याध्यापक पोच देतात, गठ्ठा कपाटात जातो आणि नोंद झालेली नाही या कारणाने पुस्तके मुलांच्या हाती पडत नाहीत. सगळ्या शाळांची पुस्तके एका ठिकाणी आणून नोंदवली, तर काम हलके होईल का? — एक केंद्रप्रमुख, काटोल तालुका

उत्तर : होईल, मात्र कोणते काम हलके होईल ते आधी नीट पाहायला हवे. केंद्रीय प्रक्रिया म्हटली की सगळेच काम एका खोलीत नेऊन टाकायचे असा समज होतो आणि मग ती खोलीच तुंबते. पुस्तकावर होणारे काम दोन प्रकारचे असते. पुस्तक कोणत्या विषयाचे आहे, त्याचा वर्गांक (विषयाप्रमाणे दिलेला आकडा) कोणता, लेखकाचे नाव कोणत्या रूपात नोंदवायचे, विषयशीर्षके कोणती द्यायची, हे एकदा ठरले की त्या पुस्तकाच्या सगळ्या प्रतींना लागू पडते. शिक्का मारणे, पाठीवर लेबल चिकटवणे, तारखेची पट्टी लावणे हे मात्र प्रत्येक प्रतीवर करावेच लागते. समजा, तालुक्यातील ४० शाळांनी एकाच यादीतील ३०० पुस्तके घेतली. प्रती झाल्या १२,०००, पण विचार करून ठरवायच्या नोंदी ३००च आहेत. आज त्याच ३०० पुस्तकांचा निर्णय ४० ठिकाणी ४० शिक्षक घेतात, आणि खरे सांगायचे तर बऱ्याच ठिकाणी कोणीच घेत नाही. जे घेतात त्यांच्यापैकी एक जण कासवाच्या गोष्टीचे पुस्तक कथेत घालतो, दुसरा प्राणिशास्त्रात आणि तिसरा ‘संकीर्ण’ या खात्यात, जिथून ते पुन्हा कोणाला सापडत नाही. हा विचाराचा भाग एका प्रशिक्षित माणसाकडे सोपवला, तर श्रम आणि चुका दोन्ही कमी होतात.

लेबले चिकटवण्याच्या कामात मात्र तशी बचत होत नाही. १२,००० लेबले म्हणजे १२,००० वेळा हात चालवणे आलेच. फरक पडतो तो इतकाच की एका ओळीत बसलेल्या चौघांपैकी एकाने शिक्का, दुसऱ्याने लेबल, तिसऱ्याने पट्टी आणि चौथ्याने तपासणी असे काम वाटून घेतले की हात लवकर बसतो आणि लेबल प्रत्येक पुस्तकावर त्याच जागी येते.

आता पातळीविषयी. एका केंद्रातील दहा-बारा शाळांची पुस्तके इतकी थोडी असतात की त्यांच्यासाठी प्रशिक्षित ग्रंथपाल वर्षभर ठेवणे परवडत नाही. उलट सबंध जिल्ह्यासाठी सिव्हिल लाइन्समध्ये एकच खोली उघडली, तर नरखेडची आणि भिवापूरची पुस्तके आधी नागपुरात येणार आणि तिथून पुन्हा परत जाणार. नागपूर जिल्ह्यात १३ पंचायत समित्या आहेत. माझ्या मते पंचायत समितीच्या पातळीवरचे गटसाधन केंद्र ही या कामाची योग्य जागा आहे, आणि वर्गीकरणाचे नियम मात्र सगळ्या जिल्ह्याला मिळून एकच असावेत. तयार पुस्तके शाळेत नेण्यासाठी वेगळी गाडीही लागू नये. जूनमध्ये पाठ्यपुस्तके तालुक्यातून केंद्रात आणि केंद्रातून शाळेत जातातच. उरलेल्या वेळी दर महिन्याच्या शिक्षण परिषदेला येणारे शिक्षक आपल्या शाळेचा गठ्ठा सही करून नेऊ शकतात.

वेळेचे गणितही आपल्याकडे अनुकूल आहे, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. अनुदान खर्ची टाकण्याची घाई मार्चअखेर होते, पुस्तके एप्रिलमध्ये येऊन पडतात, आणि विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. मधले दोन-अडीच महिने पुस्तके तशीही कुलपात असतात. प्रक्रिया त्या काळात झाली, तर शाळा उघडते त्या दिवशी पुस्तके कपाटात लागलेली असतील.

एक धोका मात्र आताच सांगून ठेवतो. पुस्तक प्रक्रियेच्या केंद्रात किती दिवस राहील याची मुदत लेखी ठरवलेली नसेल, तर शाळेतला गठ्ठा तालुक्यात हलला एवढाच बदल होईल. अमुक दिवसांत पूर्ण नोंद झाली नाही, तर लेखक, शीर्षक आणि किंमत एवढी थोडकी नोंद करून पुस्तक शाळेला पाठवायचे आणि उरलेली नोंद मागाहून पूर्ण करायची, असा नियम पहिल्याच दिवशी करून घ्यावा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि कथापुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत असे म्हटले आहे. वर्गांक ठरेपर्यंत मुलांनी थांबावे, असे त्यात कुठे म्हटलेले नाही.

प्रश्न : मी ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी आहे. शालेय जिल्ह्यांसाठी केंद्रीय प्रक्रिया ही कल्पना मुळात कुठली आणि ती कशी वाढली? — नागपूर

उत्तर : तिचा पाया छापील तालिकापत्रांनी, म्हणजे एकेका पुस्तकाच्या नोंदीच्या कार्डांनी, घातला. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ मध्ये आपली तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकायला सुरुवात केली; एकाने केलेली नोंद हजारोंनी वापरायची ही सवय तिथून लागली, आणि ती पत्रे १९९७ पर्यंत विकली जात होती. शाळांच्या बाबतीत जोर आला तो पैशामुळे. अमेरिकेच्या १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या साहित्यासाठी निधी दिला, आणि १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याच्या दुसऱ्या प्रकरणाने शालेय ग्रंथालयांचे साहित्य व पाठ्यपुस्तके यांसाठी १० कोटी डॉलरची तरतूद केली. पुस्तके एकाएकी मोठ्या संख्येने आली, ती हाताळणारी माणसे मात्र तेवढीच राहिली, म्हणून अनेक शालेय जिल्ह्यांनी खरेदीपासून लेबलापर्यंतचे काम एका केंद्रात आणले. तेथील शालेय जिल्हा म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे, हे लक्षात असू द्यावे. ती शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था असते आणि तिचे मंडळ बहुतेक ठिकाणी निवडून येते. आपल्याकडे तिच्याशी जवळचे नाते सांगता येईल असे दोनच घटक आहेत : जिल्हा परिषद किंवा महानगरपालिका, आणि अनेक शाळा चालवणारी खासगी शिक्षणसंस्था.

पुढे संगणक आला. ओहायोतील महाविद्यालयांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या केंद्राने १९७१ मध्ये ग्रंथालयांना एकमेकांच्या नोंदी थेट संगणकावरून घेण्याची सोय केली. त्याच वर्षी लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुस्तक छापण्यापूर्वीच त्याची नोंद करून ती पुस्तकातच छापण्याचा उपक्रम सुरू केला. या कल्पनेचा आग्रह आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी ‘प्रसूतिपूर्व’ तालिकीकरण असे नाव देऊन आधीपासून धरला होता, हे परीक्षेत न विचारले तरी ठाऊक असावे. आता तिकडे पुष्कळ शालेय जिल्हे विक्रेत्याकडूनच लेबल आणि बारकोड लावलेली पुस्तके घेतात, त्यामुळे केंद्राचे काम नियम ठरवण्यापुरते आणि तपासणीपुरते उरले आहे.

भारतात शाळांचा गट करून साधने वाटून घेण्याची शिफारस कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळासंकुल या नावाने केली आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने ती पुन्हा मांडली. आपल्याला प्रबंधिकेसाठी विषय हवा असल्यास शाळासंकुल आणि पुस्तकांची प्रक्रिया यांची सांगड घालून पाहावी.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या शहरात सहा शाळा आहेत. पुस्तके एका शाळेत आणून नोंदवायची ठरली, पण दाखल क्रमांक (आलेल्या प्रत्येक प्रतीचा रजिस्टरमधील क्रमांक) कोणी द्यायचा यावर गाडे अडले. मुख्याध्यापक म्हणतात, आमच्या रजिस्टरला क्रमांक नसेल तर लेखापरीक्षणात आम्ही काय दाखवायचे? शिवाय पुस्तक हरवले तर वसुली कोणाकडून करायची? — संस्थेचे एक पदाधिकारी, महाल

उत्तर : मुख्याध्यापकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि अशा योजना बहुधा याच मुद्द्यावर मोडतात. पुस्तक कोणाच्या मालकीचे हे दाखल रजिस्टर सांगते, आणि मालकी शाळेची आहे. म्हणून दाखल क्रमांकाची मालिका प्रत्येक शाळेची स्वतंत्र राहिली पाहिजे. क्रमांक शाळेचा असला तरी तो लिहिण्याचे कष्ट मात्र शाळेने घेण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेचा शेवटचा दाखल क्रमांक केंद्राने आधी मागवून घ्यावा, पुढचे क्रमांक संगणकात द्यावेत आणि त्या शाळेचे रजिस्टरचे पान छापूनच पुस्तकांबरोबर पाठवावे. पानावर दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, विक्रेता, देयकाचा क्रमांक व दिनांक, वर्गांक आणि शेवटी निर्लेखनाच्या (पुस्तक रजिस्टरमधून कमी करण्याच्या) शेऱ्यासाठी मोकळा रकाना असावा. मुख्याध्यापकांनी पुस्तके मोजून त्या पानाखाली सही करावी, पान क्रमाने बांधून ठेवावे. एरवी चार दिवस चालणारे लिखाण एका तपासणीवर येते.

देयकाच्या बाबतीत एक फट राहते, ती बुजवून घ्या. देयकाच्या मागे ‘वरील पुस्तके मिळाली असून दाखल रजिस्टरमध्ये क्र. अमुक ते अमुक येथे नोंदवली आहेत’ असा दाखला लिहिल्याशिवाय रक्कम अदा होत नाही. सहा शाळांचे देयक एकच असेल, तर हा दाखला केंद्राने द्यायचा की शाळांनी? केंद्राने घाईने दिला आणि नंतर एखाद्या शाळेला चार प्रती कमी पोचल्या, तर त्या चार प्रती कागदावर कायमच्या हरवतात. म्हणून शाळानिहाय वितरण यादी तीन प्रतींत करावी : एक केंद्राकडे, एक शाळेकडे, आणि शाळेची सही झालेली तिसरी देयकाला जोडलेली. विक्रेत्याला पैसे पंधरा दिवस उशिरा मिळाले तरी चालतील.

बारकोडचा विचार वेगळा करावा. दाखल क्रमांकच बारकोडमध्ये घालावा, त्याआधी शाळेचे संक्षिप्त नाव किंवा ११ अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) जोडावा, असा मोह सगळ्यांना होतो. तो टाळावा. नागपूर जिल्ह्यातील शाळांचा यू-डायस क्रमांक २७०९ ने सुरू होतो, म्हणजे पहिले चार अंक प्रत्येक पुस्तकावर तेच येणार. शिवाय उद्या एका शाळेतील जादा प्रत दुसरीकडे पाठवली की बारकोड खोटे बोलू लागतो. बारकोडवर केंद्राचा साधा सलग क्रमांक असावा आणि पुस्तक कोणत्या शाळेचे हे संगणकातील नोंदीने सांगावे. यू-डायस क्रमांक मालकीच्या शिक्क्यात मात्र जरूर घ्यावा. एकाच संस्थेच्या सहा शाळांची नावे इतकी सारखी असतात की नुसत्या नावावरून परत आलेले पुस्तक कोणाचे ते कळत नाही.

वसुलीची भीती हा खरा अडसर आहे, आणि तो केंद्रीय प्रक्रियेने दूर होणार नाही. त्यासाठी ठराव लागतो. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१५ नुसार वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचनासाठी वापरलेल्या दर १,००० ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी मानता येते, मात्र ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. १,००० रुपयांहून अधिक किमतीचा किंवा दुर्मीळ ग्रंथ हरवला तर चौकशी करून कारवाई करावी लागते. हा नियम आपल्या संस्थेला थेट लागू होत नाही, पण त्याचा आधार घेऊन संस्थेच्या कार्यकारिणीने स्वतःचा ठराव करण्यास कोणी अडवणार नाही. पुस्तक फाटले तर ते वाचले गेले म्हणून फाटले, असे मानणारी एक ओळ त्या ठरावात असली, तर कपाटांची कुलपे आपोआप उघडतील.

प्रश्न : मराठी पुस्तकांच्या तयार नोंदी बाहेरून मिळतात का? आणि ड्यूईची वर्गीकरणाची पद्धत शाळेतील मराठी पुस्तकांना चालते का? — माध्यमिक शाळेतील ग्रंथपाल, सावनेर

उत्तर : इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) टाकला की बहुतेक वेळा नोंद मिळते. मराठीत तसे नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे नवी दिल्लीतील कार्यालय १९६२ पासून आपल्याकडील पुस्तके घेऊन त्यांच्या नोंदी करत आले आहे आणि त्यांत मराठी पुस्तकेही आहेत. पण त्या नोंदी रोमन लिपीत, ठरावीक चिन्हांसह असतात. त्या पद्धतीत शेवटचा ‘अ’ही लिहितात, त्यामुळे शिरवाडकर हे आडनाव ‘शिरवाडकरा’ असे वाचायला मिळते. सातवीतले मूल असा शोध कधीच घेणार नाही. मार्क या, संगणकात ग्रंथनोंदी ठेवण्याच्या ठरावीक पद्धतीच्या नोंदीत मूळ लिपीतील नाव ठेवण्यासाठी ८८० हे क्षेत्र आहे. तरी शाळेसाठी देवनागरी नोंद हीच मुख्य ठेवावी. तात्पर्य, मराठी पुस्तकांच्या नोंदी आपल्या आपणच कराव्या लागतात, आणि एकत्र येऊन करण्याला सर्वांत मोठे कारण हेच आहे. इंग्रजीत शाळेने एकटीने काम केले तरी निभावते. मराठीत निभावत नाही.

ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. त्यावरून कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३. महाविद्यालयात हे चालते. शाळेत मात्र कपाटातील निम्मी पुस्तके एकाच सहा आकडी अंकाखाली येतात, आणि पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६३ लिहून त्याखाली लेखकाची अक्षरे लिहायला जागा उरत नाही. माझा सल्ला असा की संगणकातील नोंदीत पूर्ण वर्गांक ठेवावा, लेबलावर मात्र कथेसाठी ‘कथा’, कवितेसाठी ‘कविता’ आणि खाली लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे एवढेच छापावे. माहितीपर पुस्तकांना तीन आकडी वर्गांक पुरे. हे सोपे रूप प्रत्येक शाळेने आपल्या मनाने न करता केंद्राने एकदा ठरवून छापील पत्रक काढावे, नाहीतर पाचवीत एका शाळेत शिकलेले मूल आठवीत दुसऱ्या शाळेत गेले की त्याला पुन्हा ओ का ठो कळणार नाही.

लेखकाच्या नावाची यादी हा केंद्राचा सर्वांत मोलाचा दस्तऐवज ठरतो. विष्णू वामन शिरवाडकर यांनी कविता कुसुमाग्रज या नावाने लिहिली आणि नाटके स्वतःच्या नावाने. एका शाळेत ती ‘कु’खाली आणि दुसरीत ‘शि’खाली गेली, तर दोन्ही ठिकाणी मुलाला अर्धेच सापडते. नागपूरच्या कवी ग्रेस यांना ‘गोडघाटे, माणिक’ असे नोंदवणारे आजही भेटतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जे नाव आहे ते शोधणाऱ्या वाचकाची ती शुद्ध अडवणूक आहे. ज्या नावाने पुस्तके ओळखली जातात ते मुख्य ठेवावे आणि दुसऱ्या नावावरून ‘पाहा’ असा निर्देश द्यावा. शिरवाडकरांसारख्या लेखकाच्या बाबतीत दोन्ही नावे ठेवून एकमेकांकडे ‘हेही पाहा’ असे दाखवावे.

टंकलेखनाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण कामाचा नाश इथेच होतो. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेल्या याद्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आत वेगळीच अक्षरे असतात. त्यांत शोध लागत नाही आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की गिचमीड दिसते. नोंदी युनिकोडमध्येच कराव्यात. त्यातही ‘ॲ’ हे अक्षर पाहा. युनिकोडमध्ये ते स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आले; त्याआधी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत, आणि अनेक कळफलकांवर आजही तसेच उमटते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी वाटतात. एका टंकलेखकाने ‘ॲटम’ एका तऱ्हेने आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने लिहिले, तर शोधात एकच पुस्तक येते आणि दुसरे कपाटात असूनही ‘नाही’ म्हणून सांगितले जाते. केंद्रात एकच कळफलक वापरायचा, हा नियम क्षुल्लक वाटला तरी तो भिंतीवर लावून ठेवावा.

प्रश्न : यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागेल का? — शिक्षक, कळमेश्वर

उत्तर : लागणार नाही. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये तयार झालेले कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, देवनागरी नीट हाताळते आणि त्यात प्रत्येक शाळा स्वतंत्र शाखा म्हणून दाखवता येते. म्हणजे नोंद एकच आणि प्रती शाळानिहाय. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय हाही पर्याय आहे. खर्च होतो तो सॉफ्टवेअर बसवणाऱ्या व सांभाळणाऱ्या माणसावर, आणि अंदाजपत्रकात नेमकी तीच ओळ राहून जाते. वीज आणि इंटरनेट नसलेल्या शाळेने घाबरू नये. तिला छापील यादी आणि लेबल लावलेली पुस्तके मिळाली की देवघेव वहीवर चालू शकते.

प्रश्न : पुस्तकांची प्रक्रिया एका ठिकाणी झाली की हळूहळू निवडही वरूनच होईल, अशी भीती वाटते. मुलांना काय आवडते ते गावातल्या शिक्षकांना ठाऊक असते. — पालक व शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्य, हिंगणा

उत्तर : भीती रास्त आहे. प्रक्रिया स्वस्त पडते ती सगळ्यांनी तीच पुस्तके घेतली तर, त्यामुळे केंद्र चालवणाऱ्याचा कल एकच यादी लादण्याकडे जाणारच. अमेरिकी शालेय जिल्ह्यांत प्रक्रिया एकत्र झाली तरी निवड सामान्यतः शाळेच्या ग्रंथपालाकडे राहिली. आपल्याकडे प्राथमिक शाळेत ग्रंथपालच नसल्याने ती जागा रिकामी राहते आणि ती भरायला पुरवठादार तयारच असतो.

समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदान ठेवलेले आहे. त्यातील काही हिस्सा समाईक यादीसाठी आणि उरलेला शाळेच्या पसंतीसाठी, अशी विभागणी आपल्या समितीने सभेत मागावी व इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. शाळेने निवडलेले पुस्तक केंद्राच्या यादीत आधीच असेल, तर त्याचे लेबल त्याच दिवशी निघते. नसेल, तर त्याची पहिली नोंद आपल्या शाळेमुळे होते आणि पुढच्या शाळेला ती आयती मिळते. पहिली एक-दोन वर्षे असे निवडीचे स्वातंत्र्य महाग वाटेल. यादी वाढत गेली की नव्या नोंदींचे प्रमाण कमी होत जाते.

प्रश्न : कामठीत मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा जवळजवळ आहेत. एकाच केंद्रातून तिन्ही भाषांची पुस्तके होऊ शकतील का? — शिक्षिका, कामठी

उत्तर : मराठी-हिंदीला अडचण नाही. उर्दूसाठी मात्र ती लिपी वाचणारी व्यक्ती केंद्रात हवीच, मग ती आठवड्यातून एक दिवस येणारी शिक्षिका का असेना. मुखपृष्ठावरचे नाव दुकानदाराच्या देयकावरून देवनागरीत उतरवून घेण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने शीर्षके बिघडतात. लेबलही उर्दूतच असावे, आणि पुस्तक उजवीकडून उघडते म्हणून तारखेची पट्टी व बारकोड यांची जागा त्याप्रमाणे बदलावी.

प्रश्न : आमच्या शाळेत आलेली तयार पुस्तके दोन महिन्यांत उघडी पडली. लेबले गळली, पातळ पुस्तकांच्या पाठीवर तर ती बसलीच नव्हती. केंद्राने पाठवलेले परत करावे का? — प्राथमिक शिक्षिका, रामटेक तालुका

उत्तर : परत करू नका, एक-दोन पुस्तके नमुना म्हणून केंद्राला दाखवा आणि बाकीची शाळेत वापरात राहू द्या. लहान मुलांची पुष्कळ पुस्तके १६ किंवा २४ पानांची, मधोमध पिना मारलेली असतात. त्यांना पाठच नसते, त्यामुळे मोठ्या पुस्तकाचे माप घेऊन काढलेले लेबल निम्मे पुढे आणि निम्मे मागे वळते आणि मुलाच्या बोटाने सोलून निघते. अशा पुस्तकांचे लेबल मुखपृष्ठावर, डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात लावावे, आणि पुस्तके कपाटात उभी न ठेवता खोक्यात समोरून मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवावीत. वाचनाच्या पातळीसाठी रंगीत पट्टी लावायची असेल, तर ती त्याच कोपऱ्यात लेबलाखाली यावी. लेखकाचे नाव किंवा चित्रातला चेहरा लेबलाखाली झाकला जात असेल, तर जागा दोन बोटे सरकवायला हरकत नाही. नियम पुस्तकासाठी आहे.

लेबले गळण्याचे कारण आपल्याकडचे हवामान आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की साधी सेलोटेप पिवळी पडते, तिचा चिकटपणा सुकतो आणि जाताना ती मुखपृष्ठाचा रंगही घेऊन जाते. जुलैत हवा दमट झाली की उरलेले लेबल फुगते. सेलोटेप वापरूच नये. लेबल चांगल्या डिंकाच्या कागदाचे घ्यावे, त्यावर कडेपासून किमान अर्धा सेंटिमीटर बाहेर येईल एवढी पारदर्शक ग्रंथ-फिल्म लावावी आणि कापडाने घासून आतील हवा काढावी. नवी पुस्तके आलेल्या खोलीत कूलर थेट गठ्ठ्यांकडे तोंड करून चालवला, तर पाने लाटा आल्यासारखी होतात. तेव्हा कूलर माणसांकडे वळवावा आणि गठ्ठे दुसऱ्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवावेत. भिंतीला चिकटवलेल्या लाकडी कपाटात वाळवी मागून चढते, म्हणून कपाट आणि भिंत यांत हात जाईल एवढे अंतर सोडावे. पिनांना गंज धरला असेल, तर त्या काढून त्याच छिद्रांतून जाड दोऱ्याचा टाका घालावा. हे काम पाचवीची मुलेही सफाईने करतात, फक्त गंजलेल्या पिना मोठ्या माणसाने काढाव्यात.